पिल्लाची किंमत आणि खानदेशचं ऊन

जळगावच्या मेहरूण तलावाच्या काठी संध्याकाळी फिरणाऱ्यांत हल्ली पट्ट्याला बांधलेली छोटी कुत्री बरीच दिसतात. पांढरी झुबकेदार स्पिट्झ, डोळ्यांवर झिपऱ्या आलेली शिह त्झू, चपट्या नाकाचे पग, मधूनच एखादा बीगल. धुळ्यात देवपुरात किंवा पांझरेकाठच्या रस्त्यांवर गेलात तरी हेच चित्र. ओळख असो-नसो, समोरून येणारा माणूस थांबतो, कुत्र्याकडे कौतुकानं बघतो आणि विचारतो, "केवढ्याला घेतलं, भाऊ?" आकडा ऐकला की मनाशी काहीतरी ठरवून पुढे जातो. जेवण, औषध, उन्हाळा यांबद्दल दुसरा प्रश्न सहसा येत नाही.

पिल्लाची किंमत एकदाच मोजायची असते, आणि पुढे जे मोजावं लागतं त्याच्या मानानं ती किरकोळ असते. छोट्या जातीचं कुत्रं बारा ते पंधरा वर्षं जगतं. तेवढी वर्षं त्याचा खर्च चालू राहतो, आणि आपल्या खानदेशात त्या खर्चाचा मोठा भाग ऊन ठरवतं. मालकानं तो खर्च केला नाही, तर तेवढा त्रास कुत्र्याच्या वाट्याला येतो. दवाखान्याच्या टेबलावर पडून धापा टाकणारा पग ज्यानं एकदा पाहिला आहे, त्याला हे वेगळं सांगावं लागणार नाही.

आधी पिल्लाचंच बघू. आपल्याकडे 'पॉम' (पोमेरेनियन) म्हणून पाच ते बारा हजारांत मिळतं ते बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतं. इंग्रजांच्या काळात इथल्या हवेत टिकेल असं बघून वाढवलेली ही जात. 1994 च्या 'हम आपके हैं कौन' मधला टफी हाच. छोट्या कुत्र्यांमध्ये खानदेशातल्या घराला त्यातल्या त्यात परवडणारं कुत्रं कुठलं, असं मला कोणी विचारलं तर मी स्पिट्झचंच नाव घेते. पण तेच पिल्लू 'टॉय पॉम' किंवा 'मिनी पॉम' म्हणून दुप्पट-तिप्पट भावानं विकलं जातं, आणि दीड महिन्याच्या पिल्लात फरक ओळखणं घेणाऱ्याच्या आवाक्यात नसतं. पग साधारण दहा ते वीस हजार, ल्हासा त्याच्या आसपास, शिह त्झू पंचवीस हजारांपासून चाळीस-पंचेचाळीसपर्यंत. 'पेपरवालं' म्हणजे केनेल क्लबची नोंदणी असलेलं पिल्लू हवं असेल तर आणखी वर. पगाची हौस देशभर वाढली ती 2003 च्या हच मोबाइलच्या जाहिरातीपासून. लहान मुलाच्या मागं मागं जाणारा तो चिका घराघरांत पोचला आणि मोठ्या शहरांतली मागणी हळूहळू जिल्ह्याच्या गावांपर्यंत आली.

पिल्लं येतात कुठून? काही इथल्याच घरगुती ब्रीडरांकडची. बरीचशी नाशिक, पुणे, मुंबईहून, कधी रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये टोपलीत किंवा खोक्यात बसून. इथं कायदा स्पष्ट आहे. 2017 सालच्या केंद्राच्या श्वान प्रजनन व विक्री नियमांप्रमाणे ब्रीडरची नोंदणी राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे हवी, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. मादी किमान दीड वर्षाची हवी, तिला वर्षात एकापेक्षा जास्त वेळा आणि आयुष्यात पाचापेक्षा जास्त वेळा विऊ द्यायचं नाही. विक्रीच्या वेळी लसीकरणाची नोंद द्यायची. प्रत्यक्षात बाजारात येणारं पिल्लू पुष्कळदा तीस-पस्तीस दिवसांचं असतं, कारण जेवढं छोटं तेवढं ते गोंडस दिसतं आणि जेवढं लवकर विकलं जाईल तेवढा विकणाऱ्याचा दुधाचा आणि लसीचा खर्च वाचतो. "दीड महिन्याचं आहे, सगळं खातं," असं सांगून ते हातात दिलं जातं. पावती नसते, लसीचं कार्ड असलं तर त्यावर औषधाच्या बाटलीचं स्टिकर नसतं. घासाघीस करताना आपणच म्हणतो, "लस आम्ही करून घेऊ, दोन हजार कमी करा." तिथं वाचवलेले दोन हजार पुढे कुठं जातात ते सांगते.

पार्वो हा विषाणू 1978 च्या सुमारास जगाच्या लक्षात आला. लस न झालेल्या पिल्लाच्या आतड्याचं अस्तर तो अक्षरशः सोलून काढतो. आधी पिल्लू सुस्त होतं, मग उलट्या, मग रक्ताचे जुलाब, त्यांचा एक विशिष्ट वास असतो जो एकदा नाकात बसला की विसरत नाही. विषाणूला मारणारं खात्रीचं औषध नेहमीच्या दवाखान्यात नसतं. सलाईन, उलटी थांबवणारं इंजेक्शन, प्रतिजैविकं आणि वाट बघणं. दिवसातून दोनदा न्यायचं, असं पाच-सात दिवस. खासगी दवाखान्यात दिवसाला आठशे ते दीड हजार धरले तर पाच-दहा हजार सहज जातात, आणि एवढं करूनही छोट्या जातीचं पिल्लू हातचं जाण्याची भीती मोठ्यापेक्षा जास्त, कारण त्याच्या अंगात साठाच नसतो. एक-दीड किलोचं पिल्लू काही तास उपाशी राहिलं तरी रक्तातली साखर उतरून झटके येऊ शकतात. याच्या समोर 'नाइन इन वन' लसीचा खर्च ठेवून बघा. एका डोसचे डॉक्टरांच्या फीसकट सातशे-हजार रुपये, असे तीन डोस. तीन महिन्यांनंतर रेबीजची लस, दोन-तीनशे रुपयांची, पुढे दरवर्षी बूस्टर. जंताचं औषध त्याहून स्वस्त.

रेबीजच्या लसीवर जरा थांबते. छोट्या कुत्र्यांच्या मालकांना वाटतं की आपलं पिल्लू घराबाहेर जात नाही, त्याला कशाला रेबीज होईल? रेबीजमुळे जगात दरवर्षी सुमारे 59,000 माणसं मरतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यातला सुमारे एक तृतीयांश भार भारतावर पडतो. एकदा लक्षणं दिसली की उपाय उरत नाही. फाटकाच्या खालून नाक घालून गल्लीतल्या कुत्र्याशी भांडणारा स्पिट्झ मी रोज बघते. तीनशे रुपयांच्या या लसीबाबत कोणतीही सबब मला मान्य नाही.

*

आता ऊन. जळगाव, भुसावळ, धुळे या पट्ट्यात एप्रिलच्या मध्यापासून पारा बेचाळीसच्या वर जातो, मे महिन्यात पंचेचाळीस आपल्याला नवीन नाही. आपली केळी याच उन्हात होरपळते, म्हणून हवामानावर आधारित फळपीक विम्यात केळीला जास्त तापमानाच्या नुकसानीचीही भरपाई आहे. याच हवेत आपण तिबेटच्या पठारावर वाढलेला ल्हासा आणि चीनच्या राजवाड्यात सांभाळलेला शिह त्झू आणून ठेवला आहे.

कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. घामाच्या ग्रंथी जवळजवळ फक्त पंजांच्या तळव्यांना. अंगातली उष्णता बाहेर टाकायचा त्याचा मुख्य मार्ग म्हणजे धापा टाकणं. जीभ, तोंड आणि नाकाच्या आतल्या ओल्या पडद्यांवरून हवा जोरात फिरते, ओल वाळते आणि रक्त गार होतं. लांब नाकाच्या कुत्र्याकडे या पडद्यांची घडी मोठी असते. साक्री भागातल्या ठेलाऱ्यांच्या मेंढरांबरोबर फिरणारी कुत्री पाहिलीत तर लांब मुस्कट, आखूड केस आणि पोटाला फारशी चरबी नाही, अशी त्यांची ठेवण दिसते. पगाच्या चेहऱ्यात त्या पडद्यांना जागाच ठेवलेली नाही. नाकपुड्या चिमटलेल्या, टाळूचा मऊ भाग लांब आणि घशावर आलेला. ज्याला आपण 'घोरतोय बघा कसा गोड' म्हणतो, तो त्याचा श्वास अडकण्याचा आवाज असतो. नेदरलँड्समध्ये नाक ठरावीक प्रमाणापेक्षा आखूड असलेल्या कुत्र्यांपासून पैदास करायला बंदी आहे, ती याच कारणासाठी.

निरोगी कुत्र्याचं तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट. ते 106 च्या पुढे गेलं की मेंदू, मूत्रपिंड, आतडी यांना इजा होऊ लागते. जीभ गडद लाल, मग निळसर, घट्ट लाळ, चालताना झोकांडी, मग आडवं पडणं. हे सगळं अर्ध्या तासात घडू शकतं. त्या वेळी आधी कुत्र्याला गार करायचं आणि मग दवाखान्यात न्यायचं. नळाचं किंवा माठाचं गार पाणी अंगभर ओतायचं, पोटावर आणि मांड्यांच्या आत जास्त, वर पंखा लावायचा. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, तो थोड्या वेळात गरम होतो आणि उष्णता आतच कोंडून ठेवतो. स्पिट्झ किंवा ल्हासाचे केस उन्हाळ्यात वस्तऱ्यानं पार काढून टाकायची आपल्याकडे पद्धत आहे, तीही सोडा. स्पिट्झच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, विंचरून आतला मेलेला थर काढला की हवा खेळते. भादरलं की ऊन थेट कातडीवर.

या सगळ्याचा पैशातला हिशेब मी मांडून बघितला. एक टनाचा एसी तासाला साधारण एक युनिट खातो असं धरा. सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा म्हणजे रोजची सात युनिटं. एप्रिल, मे आणि जूनचा पहिला पंधरवडा मिळून पंचाहत्तर दिवस, म्हणजे 525 युनिटं. घरचा नेहमीचा वापर धरून बिल तीनशे युनिटांच्या वर गेलं की महावितरणचा दर चढतो, तरी सरासरी बारा रुपये धरले तर सहा हजार तीनशे रुपये. हा खर्च कुत्र्याच्या नावावर कुठंच लिहिला जात नाही, पण घरातली माणसं कामावर आणि शाळेत गेल्यावर एसी चालू राहतो तो त्याच्यासाठीच. पगाच्या किंवा शिह त्झूच्या घरात मी तो आवश्यक मानते. स्पिट्झचं एप्रिल-मेमध्ये कूलरवर भागतं. दोनशे वॅटचा कूलर दहा तास चालला तर दोन युनिटं, मोसमाला अठराशे रुपये आणि टाकीचं पाणी.

कूलरचा भरवसा मात्र जूनमध्ये संपतो, आणि ही गोष्ट बाहेरच्या प्रांतात लिहिलेल्या सल्ल्यांत सापडत नाही. आपला मे महिना कोरडा असतो, कूलरच्या गवतातून येणारी हवा खरंच गार होते. मृग जवळ आला, आभाळ भरून आलं पण पाऊस पडेना, की हवेत ओल वाढते. पारा चाळीसवर उतरतो, माणसं म्हणतात ऊन कमी झालं. पण ओलसर हवेत कूलर नुसता दमट वारा फेकतो, आणि धापा टाकून जिभेवरची ओल वाळवायची कुत्र्याची युक्तीही तितकीच निकामी होते. आमच्या घरी स्पिट्झ आहे. मेच्या दुपारी ती कूलरसमोर पसरून शांत झोपते. जूनच्या त्या उकाड्यात तीच फरशीच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जात राहते, मानेच्या केसांत हात घातला तर आत भट्टीसारखी धग लागते. त्या दिवसांत वीज गेली तर काय, याचं उत्तर घरात तयार हवं : इन्व्हर्टर, बर्फाची बाटली कापडात गुंडाळून, न्हाणीघराची ओली फरशी. फिरवायला न्यायचं ते पहाटे पाचला आणि रात्री दहानंतर. डांबरी रस्त्यावर आपल्या हाताचा मागचा भाग पाच-सात सेकंद ठेवून बघा. आपल्याला सोसलं नाही तर त्यालाही नाही, आणि छोट्या कुत्र्याचं पोट त्या रस्त्यापासून वीतभरच वर असतं.

*

रोजच्या खाण्याचा हिशेब त्या मानानं सोपा. पाच किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण पावणेचारशे कॅलरी पुरतात, म्हणजे कोरडं डॉग फूड शंभर ग्रॅमच्या आसपास. महिन्याला तीन किलो. किलोला अडीचशेपासून नऊशेपर्यंत भाव आहेत, म्हणजे महिन्याला साडेसातशे ते सत्तावीसशे. 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा डॉग फूड 18 टक्क्यांच्या गटात गेलं, गुरांच्या खाद्यावर मात्र कर नाही. घरचं खाणं द्यायचं तर भात, उकडलेलं चिकन, अंडं, गाजर, दुधी असं नीट शिजवून देता येतं आणि स्वस्तही पडतं. पण 'घरचं' म्हणजे आपल्याकडे बहुतेक वेळा दुधात कुस्करलेली पोळी, त्यात प्रथिनं पुरत नाहीत. किंवा मग पाहुणे गेल्यावर उरलेला शेवभाजीचा रस्सा. काळ्या मसाल्यातला कांदा-लसूण कुत्र्याच्या लाल रक्तपेशी फोडतो, वरची तर्री छोट्या जातींच्या स्वादुपिंडाला सुजवते. एका वाटीनं चार दिवस सलाईन लागू शकतं. मनुका, चॉकलेट, गोडीसाठी झायलिटॉल घातलेलं च्युइंगगम, हेही दूर ठेवायचं. दिवाळीच्या फराळाच्या डब्याला झाकण घट्ट लावा.

शिह त्झू आणि ल्हासाच्या घरात ग्रूमिंगचा वेगळा खर्च आहे. महिन्या-दीड महिन्याला आठशे ते दीड हजार रुपये. हा खर्च हौसेत मोडत नाही. केसांची जट झाली की तिच्याखाली कातडी ओली राहते, कुजते, डोळ्यांत केस जाऊन बुबुळाला जखम होते. ज्याला दर महिन्याचे हजार रुपये किंवा रोजची वीस मिनिटं फणी-कंगव्याला देणं जमणार नाही, त्यानं शिह त्झू घेऊ नये, असं मी स्पष्टच सांगते.

आणि गोचीड. आपल्याकडे समज असा की गोचीड गोठ्यातून येते, आमच्याकडे गुरं नाहीत, मग कशी होईल? कुत्र्याला लागणारी तपकिरी गोचीड तिचा सगळा संसार घरातच करते. रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली पडते, भिंतीच्या भेगेत, दाराच्या चौकटीमागे, सोफ्याच्या शिवणीत जाते आणि हजारांनी अंडी घालते. एकदा आमच्या दिवाणखान्यातली भिंतीवरची तसबीर काढली, तर मागे कडेनं तीळ चिकटवल्यासारखी रांग होती, आणि त्यातले तीळ चालत होते. या गोचिडीतून एर्लिकिया आणि बॅबेसिया हे रक्तातले आजार येतात. ताप, जेवण सोडणं, हिरड्या पांढऱ्या पडणं, प्लेटलेट उतरून नाकातून रक्त. वेळेत ओळखला तर एर्लिकिया डॉक्सिसायक्लिनच्या अठ्ठावीस दिवसांच्या कोर्सनं बरा होतो, गोळ्याही महाग नाहीत. महाग पडतो तो उशीर. चार दिवस "उन्हानं जेवत नसेल" म्हणून काढले की मग रक्ताच्या तपासण्या, सलाईन, कधी दुसऱ्या कुत्र्याचं रक्त. गोचीड होऊ नये म्हणूनची गोळी छोट्या कुत्र्याला महिन्याला सहाशे ते नऊशे रुपयांना पडते. पावसाळा धरून सात-आठ महिने ती देणं मी खर्चात धरतेच.

*

दवाखान्याबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण जळगाव-धुळ्यातल्या छोट्या कुत्र्याचा खर्च पुण्या-मुंबईपेक्षा इथं वेगळा होतो. आपली सरकारी पशुवैद्यकीय व्यवस्था उभी राहिली ती गुरांसाठी, आणि शेतीच्या मुलखात ते योग्यच होतं. दवाखान्याच्या आवारात लोखंडी खोडा असतो, त्यात बैल उभा करून शिंगाचा, खुराचा इलाज होतो. पलीकडे शेळ्या घेऊन बसलेल्या बाया असतात. त्यांच्यात टॉवेलमध्ये गुंडाळलेला शिह त्झू घेऊन एखादी कॉलेजातली मुलगी नंबर लावून उभी. केस पेपर नाममात्र पैशांत निघतो, डॉक्टर रेबीजची लस देतात, जखम धुतात, ताप बघतात, आणि त्यांच्यातले कितीतरी मनापासून करतात. पण दोन किलोच्या पिल्लाच्या शिरेत सुई घालायला लागणारी बारीक कॅन्युला, सलाईन थेंब मोजून देणारा पंप, छोट्या जनावराला भूल देऊन जागं करायची सोय हे गुरांच्या दवाखान्यात कसं असणार? दोन्ही शहरांत खासगी दवाखाने वाढले आहेत, लस, सिझेरियन, नसबंदी, साधी शस्त्रक्रिया तिथं होते. त्यापलीकडचं आलं की गाडी काढावी लागते.

छोट्या जातींची दुखणी नेमकी त्यापलीकडची असतात. गुडघ्याची वाटी सरकणं ही पॉम, स्पिट्झ, चिवावाची नेहमीची तक्रार. गुळगुळीत फरशी आणि सोफ्यावरून उड्या, दोन्ही आपल्या घरात असतात. कुत्रं चालता चालता मागचा एक पाय उचलून दोन उड्या मारतं आणि पुन्हा नीट चालतं, तेव्हा आपण हसतो, पण ती वाटी सरकल्याची खूण असते. गळ्याला पट्टा बांधून ओढल्यानं छोट्या कुत्र्याची श्वासनळी दबते, म्हणून दोन-तीनशेचा हार्नेस पहिल्या दिवसापासून घ्यावा. अल्सेशियनच्या तोंडात बेचाळीस दात असतात, चिवावाच्या तोंडातही तेवढेच, फक्त दाटीवाटीनं. अन्न अडकतं, हिरड्या सुजतात, आठव्या-नवव्या वर्षी दात हलायला लागतात आणि भूल देऊन साफ करावे लागतात. म्हातारपणी हृदयाची झडप गळकी होणं हेही छोट्या जातींतच जास्त. रात्रीचा खोकला सुरू होतो आणि मग रोजची गोळी आयुष्यभर. पगाचे डोळे बाहेर आलेले, त्यामुळे बुबुळाच्या जखमा. पगिणीचं बाळंतपण तर बऱ्याचदा सिझेरियनचंच, पिल्लांची डोकी मोठी आणि तिचा कंबरेचा भाग अरुंद.

हाडं, डोळे, हृदय यांतलं तज्ज्ञाचं काम निघालं की नाशिक, संभाजीनगर, पुणे किंवा मुंबई. धुळ्याहून नाशिक आणि जळगावहून संभाजीनगर दोन्ही दीडशे किलोमीटरच्या पुढे. जाऊन-येऊन सव्वातीनशे किलोमीटर, भाड्याच्या गाडीचे किलोमीटरला चौदा रुपये धरले तर साडेचार हजार रुपये डॉक्टरांच्या दारात पोचायच्या आधीच गेले. शस्त्रक्रिया आणि टाके काढणं म्हणजे किमान दोन खेपा. मुंबईत परळला 1874 पासूनची परंपरा असलेलं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे, त्याच आवारात 1886 मध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. महालक्ष्मीला टाटांचं छोट्या प्राण्यांचं रुग्णालय 1 जुलै 2024 ला उघडलं. रतन टाटांच्या मनातलं ते काम त्यांच्या हयातीत पुरं झालं याचा फार आनंद वाटला. पण जळगावहून तिथं जायचं कसं? रेल्वेत कुत्र्याला जवळ घेऊन बसायचं तर पहिल्या वर्गाची कुपे किंवा केबिन पूर्ण राखीव करावी लागते. थ्री टायरमध्ये आणि स्लीपरमध्ये परवानगी नाही. नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. आजारी, चपट्या नाकाच्या कुत्र्याला मे महिन्यात त्या पेटीत घालू नका, एवढं कळकळीनं सांगते.

विमा निघतो. न्यू इंडिया अॅश्युरन्ससारख्या सरकारी कंपनीकडेही कुत्र्याचा विमा आहे. पण लसीची नोंद, वय, ओळख पटवणारी खूण किंवा चिप असं सगळं नीट असावं लागतं, आणि पावतीशिवाय आणलेल्या पिल्लाचं गाडं तिथंच अडतं.

सगळं एकत्र केलं तर पाच किलोच्या शिह त्झूचा वर्षाचा खर्च असा येतो : मध्यम भावाचं खाणं अठरा हजार, ग्रूमिंग दहा-बारा हजार, गोचिडीच्या गोळ्या पाच-सहा हजार, लस आणि जंताचं औषध दोन-अडीच हजार, उन्हाळ्याची वीज सहा हजार. आजार न धरता चाळीस-पंचेचाळीस हजार. चौदा वर्षांचे सहा लाख, तेही आजच्या भावानं. घरचं शिजवलेलं खाणारी, घरीच विंचरली जाणारी आणि कूलरवर भागवणारी स्पिट्झ याच्या निम्म्याहून कमी खर्चात राहते. गल्लीतून उचललेलं देशी पिल्लू त्याहून कमी. त्याला लस, नसबंदी, गोचिडीचं औषध आणि पोटभर अन्न हवंच, पण नाक आणि केस या हवेला साजेसे घेऊनच ते जन्माला आलेलं असतं.

मी हे आकडे मांडते ते कोणाची हौस मोडायला नाही. जळगाव-धुळ्यात मुलं शिकायला पुण्याला गेलेल्या घरांत, एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांकडे या छोट्या जिवांनी काय आणलं आहे ते मी पाहिलं आहे. वसुबारसेला आपण गाय-वासराची पूजा करतो, पोळ्याला बैलाची. नेपाळात तिहारच्या दुसऱ्या दिवशी कुत्र्याला टिळा लावून हार घालतात, ती रीत मला फार आवडते. पण मोकळ्या प्लॉटवर, महामार्गाच्या कडेला, गळ्यात पट्ट्याचा वण असलेले पग आणि ल्हासा सापडतात, तेही पाहिलं आहे. केसांच्या जटा, डोळ्याला चिपाडं, मागून जाणाऱ्या प्रत्येक मोटारीकडे मान वळवून बघणं. ती सोडणारी माणसं निर्दय असतात असं मला वाटत नाही. पिल्लू केवढ्याचं एवढंच त्यांना कोणी सांगितलेलं असतं. पुढच्या खर्चाचा हिशेब विकणाऱ्यानं दिला नाही आणि घेताना त्यांनीही विचारला नाही.

दोन्ही शहरांच्या सरकारी दवाखान्यांत छोट्या प्राण्यांसाठी आठवड्यातला एखादा ठरलेला दिवस, बारीक कॅन्युला आणि भुलीची सोय एवढं झालं तरी कितीतरी खेपा वाचतील. महापालिकेनं ब्रीडरच्या नोंदणीचा कागद मागायला सुरुवात केली तर पस्तीस दिवसांची पिल्लं बाजारात येणं बरंच आटोक्यात येईल. याचा पाठपुरावा कुत्री पाळणाऱ्यांनीच एकत्र येऊन करायला हवा, निवेदन देऊन आणि पुन्हा पुन्हा विचारून.

आणि पिल्लू घ्यायचंच असेल तर कधी? आपल्याकडे ते येतं वार्षिक परीक्षा संपल्यावर, मुलाच्या सुट्टीत, म्हणजे एप्रिलच्या शेवटी. इवलंसं पिल्लू, लस अर्धवट आणि बाहेर चव्वेचाळीस अंश, यापेक्षा वाईट वेळ शोधून सापडणार नाही. दिवाळीचे फटाके वाजत असतानाही नको. तुळशीचं लग्न होऊ द्या. नोव्हेंबरच्या शेवटी आठ आठवडे पुरे झालेलं पिल्लू आणलं तर जानेवारीपर्यंत त्याचे नाइन इन वनचे डोस पूर्ण होतात, रेबीजची लस होते. धुळ्याची डिसेंबर-जानेवारीची थंडी कडक असते, रात्री पाच-सहा अंशांवर उतरते, तेव्हा खोक्यात गोधडीचा तुकडा आणि वर पिवळा बल्ब लावा. होळीपर्यंत ते पाच-सहा महिन्यांचं, हातापायानं भरलेलं होतं. घरातली थंड जागा कुठली, पाण्याचं भांडं कुठं, हे त्याला माहीत झालेलं असतं. घेण्याआधी विकणाऱ्याच्या घरी जा, पिल्लाची आई दाखवायला सांगा, ती किती वेळा व्याली ते विचारा, लसीच्या कार्डावरचं स्टिकर आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक बघा. आई दाखवायला नकार मिळाला तर पिल्लू कितीही गोड असो, तिथून निघून या.